घडीची खुर्ची: ती डळमळू नये म्हणून

खुर्ची ही वस्तू आपल्या घरांत तशी उशिराच आली, आणि घडीची खुर्ची तर तिच्याही मागून. पाट, सतरंजी, बाज आणि झोपाळा एवढ्यावर पिढ्यान्‌पिढ्यांचे संसार झाले. आता घरे आटोपशीर झाली आहेत. पाहुणा आला की दारामागून काढावयाची आणि तो गेला की पुन्हा तेथेच ठेवावयाची खुर्ची दोन खोल्यांच्या बिऱ्हाडाला फार सोयीची वाटते. पंगतीत ज्यांना मांडी घालून बसता येत नाही, कीर्तनाला किंवा पूजेला ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत, अशा वडीलधाऱ्यांसाठीही तीच खुर्ची पुढे केली जाते. याचा अर्थ असा की, ज्यांना पडणे सर्वांत महाग पडते त्यांनाच आपण आग्रहाने घरातील सर्वांत डळमळीत आसनावर बसवितो. उतारवयात खुब्याचे हाड मोडले तर ते माणूस पुन्हा पूर्वीसारखे हिंडूफिरू लागेलच असे नसते. म्हणून ही खुर्ची कशी असावी, हा प्रश्न केवळ सुताराचा नसून घरातील कर्त्या माणसांचाही आहे.

वाचकहो, घडीच्या खुर्चीकडून आपण दोन परस्परविरोधी अपेक्षा करतो. हातात घेतली की तिने सहज मिटावे, आणि कोणी बसले की तिने मुळीच हलू नये. आपली भाषाही येथे मौजेची आहे. कापडाची घडी मोडणे म्हणजे ते प्रथम वापरावयास काढणे. परंतु खुर्ची मोडणे म्हणजे मात्र तिचा वापर कायमचा संपणे! ‘घडी मोडली’ आणि ‘खुर्ची मोडली’ यांतील अंतर राखणे हेच रचनाकाराचे सारे काम होय.

हे काम माणसाने फार जुन्या काळापासून हाती घेतलेले आहे. इजिप्तचा राजा तुतानखामेन याची समाधी १९२२ साली सापडली, तीत घडीची आसनेही होती. अशा इजिप्शियन आसनांचे पाय फुलीच्या आकाराने एकमेकांस छेदीत आणि त्यांची खालची टोके जमिनीलगतच्या आडव्या दांड्यांत बसविलेली असत. त्या टोकांना बदकाच्या डोक्याचा आकार देण्याची रीत होती. शोभेचा भाग सोडला तरी जमिनीलगतची ती दांडी शहाणपणाची आहे, कारण वाळूत चार टोके रुततात, दोन दांड्या रुतत नाहीत. रोममधील उच्च अधिकाऱ्यांचे मानाचे आसनही घडीचेच होते. आपल्याकडे पोथी ठेवण्याची ठवणी हे याच जातीचे आणखी एक उदाहरण. एकाच फळीतून कोरलेली ठवणी ज्यांनी पाहिली असेल त्यांना आठवेल की तिला वेगळी बिजागरी नसते. लाकडातच कोरलेले दाते एकमेकांत गुंतलेले असतात, आणि ठराविक कोनापर्यंत उघडली की तेच दाते एकमेकांस अडवितात. पोथीला हे पुरते, माणसाला का पुरत नाही, ते आता पाहू.

फुलीचे पाय असलेले एक साधे कापडी आसन डोळ्यांपुढे आणावे. दोन पाय मध्यावर एका खिळीने जोडलेले आहेत आणि वरच्या टोकांना कापड ताणलेले आहे. माणूस बसला की त्याचे वजन वरची टोके खाली दाबते, आणि कात्री उघडावी तसे पाय फाकू पाहतात. त्यांना थोपविणारे काय? जमीन खरबरीत असेल तर थोडेफार घर्षण; पण ओल्या फरशीवर तेही नाही. उरले ते कापड. कापडाची ही ओढ किती असते हे काढणे अवघड नाही. बसणाऱ्याच्या वजनाला खालच्या दोन टोकांमधील अंतराने गुणावे आणि आसनाच्या उंचीने भागावे. बैठक ४५ सेंटिमीटर उंच, पायांचा फाकही ४५ सेंटिमीटर आणि माणूस ६० किलोचा असेल, तर कापडावर आडवी ओढही ६० किलोचीच पडते. फाक ६० सेंटिमीटर केला तर ती ८० किलो होते; ३० केला तर ४०. येथे लोभ होतो की पाय जवळजवळ ठेवावेत, म्हणजे कापडही टिकेल आणि खिळीही. परंतु पाय जवळ आले की बूड अरुंद होते आणि खुर्ची कलंडते. म्हणून फाक उंचीच्या जवळपास ठेवणे आणि तेवढी ओढ सोसणारे जाड कापड वापरणे हा मध्यममार्ग मला बरा वाटतो. हेही लक्षात ठेवावे की वरील आकडे अलगद बसणाऱ्याचे आहेत. नुसते अंग एकदम सोडून दिले तरी ओढ दुप्पट होते, आणि धपकन बसणाऱ्याच्या बाबतीत त्याहूनही वाढते.

कापडाऐवजी लाकडी बैठक असली तरी न्याय तोच. ती बैठक दोन्ही पायांच्या वरच्या टोकांना बांधून ठेवणारी आडवी पट्टी ठरते आणि मधल्या खिळीसह त्रिकोण तयार होतो. चौकोनाचे सांधे ढिले असतील तर तो एका बाजूस झुकतो. त्रिकोण झुकत नाही, कारण बाजूंची लांबी बदलल्यावाचून त्याचा आकार बदलूच शकत नाही. पूल, छपराच्या कैच्या आणि घडीची खुर्ची या तिघांचा आधार हाच.

आता ठवणीकडे परत येऊ. तिचा अडसर खिळीच्या अगदी लगत आहे. वरच्याच उदाहरणात, बैठकीच्या उंचीवर ६० किलोने जे काम भागते, ते खिळीपासून अवघ्या ५ सेंटिमीटरवर अडसर ठेवून करावयाचे म्हटले तर त्या अडसरावर २७० किलोंचा दाब येतो. लाकूड तेथे चिरफळते, पत्रा वाकतो. बाजारात काही खुर्च्यांना खिळीजवळ एक लहानशी पत्र्याची जीभ ठोकून ‘लॉक’ म्हणून दाखवितात. ती पाहून समाधान मानू नये. अडसर खिळीपासून जितका दूर, तितका तो निश्चिंत.

अडसराविषयी दुसरा नियम याहूनही महत्त्वाचा आहे. बसणाऱ्याच्या वजनाने अडसर अधिक घट्ट बसला पाहिजे, तो सुटता कामा नये. लग्नमंडपात भाड्याने येणाऱ्या लोखंडी खुर्च्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. त्यांपैकी अनेकींची बैठक मागील बाजूस चौकटीला खिळीने जोडलेली असते. त्या खिळीच्या पुढे वजन पडले की बैठक खाली दाबली जाऊन पाय उघडेच राहतात. परंतु वजन खिळीच्या मागे, म्हणजे बैठकीच्या मागच्या कडेवर पडले, तर तीच बैठक उलट्या दिशेने फिरू पाहते आणि खुर्ची माणसासकट मिटते. लहान मूल पाठीकडे तोंड करून बैठकीच्या मागच्या कडेवर गुडघे टेकते, किंवा घरातील कोणी माळ्यावरचा डबा काढण्यासाठी तिच्यावर उभे राहते, तेव्हा हेच घडते. नवी खुर्ची करवून घेताना ती खीळ बैठकीच्या अगदी मागच्या कडेशी न्यावी, म्हणजे तिच्या मागे वजन पडावयास जागाच उरत नाही. आणि डबा काढण्यासाठी घरात एक साधे, न मिटणारे स्टूल ठेवावे.

खुर्ची मिटली नाही तरी ती उलटू शकते. बसलेल्या माणसाचा गुरुत्वमध्य साधारणपणे बेंबीच्या सुमारास असतो. त्यातून खाली सोडलेली ओळंब्याची रेघ चार पायांनी आखलेल्या चौकोनाच्या आत आहे तोवर खुर्ची उभी राहते. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या बाबतीत ही रेघ आतच असते. धोका बसताना आणि विशेषतः उठताना. वयस्क माणूस कसा उठतो ते एकदा नीट पाहावे. तो पाऊल मागे घेतो, धड पुढे वाकवितो आणि खुर्चीच्या हातांच्या पुढच्या टोकांवर दोन्ही तळवे टेकून सर्व भार देतो. हे हात पुढच्या पायांच्या पलीकडे निघालेले असतील, तर त्या क्षणी भार बुडाच्या बाहेर पडतो आणि खुर्ची मागून उचलली जाते. म्हणून हातांचे टोक पुढच्या पायाच्या टोकापुढे कदापि जाऊ नये. तसेच मागचे पाय पाठीच्या वरच्या कडेइतके तरी मागे जावेत. पाठ रेलली आणि पाय मात्र सरळ खाली उतरले, तर आळस देणारा माणूस पाठीवर पडणार हे ठरलेलेच. उंचीचेही थोडे पाहावे. फार खोल, झोळीसारख्या बैठकीतून उठणे वृद्धांना कठीण जाते. त्यांच्यासाठी ती ४५ सेंटिमीटरहून बुटकी नसावी आणि ताठ असावी.

आतापर्यंत पुढेमागे होण्याचा विचार झाला. डाव्या-उजव्या डोलण्याला त्रिकोण उपयोगी पडत नाही, कारण तो दुसऱ्याच पातळीत असतो. येथे आडव्या दांड्या लागतात: एक पुढच्या पायांत, एक मागच्या पायांत आणि एक पाठीत, आणि त्या रुंद असाव्यात. प्रत्येक दांडीचे टोक पायाच्या भोकात खोलवर बसवावे. वरून एकेक खिळा ठोकून भागत नाही. बैठकीच्या पट्ट्याही दर टोकाला एक नव्हे, दोन स्क्रूंनी बसवाव्यात. एका स्क्रूभोवती पट्टी फिरते, दोहोंभोवती फिरत नाही.

याच डोलण्याला खिळीची ढिलाई हातभार लावते. पाय अडीच सेंटिमीटर जाड आहे आणि खिळीच्या भोकात अर्धा मिलिमीटर जागा सैल आहे असे धरू. ही ढिलाई डोळ्यांना दिसणारही नाही. पण खिळीपासून ५० सेंटिमीटर दूर असलेल्या पाठीच्या टोकाशी तीच एक सेंटिमीटर होते, आणि बसणाऱ्याला वाटते की खुर्ची आता गेली. यावर उपाय म्हणजे दोन बाजूंना दोन तोकड्या खिळी न ठेवता आरपार एकच पोलादी दांडी घालणे, पायांच्या मध्ये मोठ्या व्यासाचे वायसर बसविणे, आणि कसता येईल असा नट वापरणे. ठोकून पसरविलेल्या खिळीत ही सोय राहत नाही. ती एकदा सैल झाली की सैलच.

फुलीच्या पायाला सर्वांत जास्त वाक पडतो तो नेमका खिळीपाशी, आणि भोकही नेमके तेथेच पाडावे लागते. म्हणून पाय त्या जागी रुंद ठेवावा, भोक रुंदीच्या ठीक मध्यावर घ्यावे आणि जवळपास गाठ नसलेले, सरळ रेषांचे लाकूड निवडावे. मुरलेला साग उत्तम. लाकूड कच्चे असेल तर ते पुढे आक्रसते आणि सुताराने दिलेली सारी घट्ट मापे सैल पडतात.

जमिनीचाही दोष असतो. शेणाने सारवलेले अंगण किंवा जुनी शहाबादी फरशी कधीच सपाट नसते, आणि तीवर चार पायांची कोणतीही ताठ खुर्ची डुगडुगते. तीन पायांचे आसन डुगडुगत नाही, पण ते उलटते लवकर. तीस सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळावर चार पाय ठेवले तर बुडाची कड मध्यापासून २१ सेंटिमीटर दूर राहते. तीनच ठेवले तर १५. या पेचावर एक फार चांगला तोडगा आपल्याच देशातील एका गावाच्या नावाने प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लष्करी छावण्यांत वापरली जाणारी रुडकी खुर्ची मिटत नाही, तर सुटी होते. तिच्या दांड्या पायांच्या भोकांत सरस न लावता नुसत्या बसविलेल्या असतात आणि चामडी पट्टे सर्वांना एकत्र आवळतात. माणूस बसला की सांधे किंचित हलून चारही पाय जमिनीला टेकतात आणि त्याच वजनाने आवळले जातात. डॅनिश रचनाकार कोर क्लिंट यांनी १९३३ साली आपली ‘सफारी’ खुर्ची याच नमुन्यावरून केली. थोडी ढिलाई कोठे उपकारक आणि कोठे घातक, हे त्या खुर्चीकडून शिकण्यासारखे आहे. डोलणारी खीळ ही ढिलाई खरी. पण भार पडताच आवळणारा सांधा ही वेगळीच गोष्ट आहे.

मुलांच्या बोटांविषयी सांगितल्यावाचून राहवत नाही. कात्रीसारख्या मिटणाऱ्या दोन पट्ट्यांत बोट सापडले तर ते तुटूही शकते. हलणाऱ्या भागांमधील फट एकतर बोट शिरणारच नाही इतकी, म्हणजे ५ मिलिमीटरहून कमी असावी, किंवा सापडलेले बोट सहज निघेल इतकी, म्हणजे २५ मिलिमीटरहून मोठी असावी. मधले माप टाळण्यास सुताराला आवर्जून सांगावे. आणि खुर्ची मोठ्यांनीच उघडावी व मिटावी.

तयार खुर्ची विकत घेणार असाल तर दुकानात संकोच न बाळगता पुढील गोष्टी करून पाहाव्यात. खुर्ची पूर्ण उघडून अडसर बसल्याची खात्री करावी. मग बैठकीच्या पुढच्या कडेवर, नंतर मागच्या कडेवर दोन्ही हातांनी जोर द्यावा. मागच्या दाबाने ती मिटू लागली तर तेथेच ठेवून यावे. पाठीचे वरचे टोक धरून डावीउजवीकडे हलवावे. उघडी खुर्ची पाठीला धरून फरशीवरून ओढावी. ओढताना मिटणारी खुर्ची पंगतीत कोणी मागून सरकविली तरी मिटेल. शेवटी स्वतः बसावे, आणि उठताना हातांवर भार देऊन उठावे. पायांच्या रबरी टोप्याही तपासाव्यात. त्या पातळ असतात आणि लोखंडी नळी त्यांना आतून कापते. एक टोपी गेली की खुर्ची तीन पायांवर उभी राहून चौथ्यावर घसरते. बदली टोपी हार्डवेअरच्या दुकानात मिळते. नळीचा बाहेरचा व्यास मोजून न्यावा, आणि चारही टोप्या एकदमच बदलाव्यात.