हयातीचा दाखला

म्हातारा-म्हातारीच्या प्रेमावर दात काढणाऱ्यांनो, तुमच्या हसण्याचं पोट मला फाडून बघायचंय. आत काय निघेल? खोलीची चावी निघेल, जमिनीचा तुकडा निघेल, जात निघेल. लाज लाज म्हणता ती नुसती वरची साल.

मराठीनं तर या प्रेमाला रोगाचंच नाव देऊन ठेवलंय. म्हातारचळ. हे झालं पुरुषाचं. बाईसाठी जो शब्द वापरतात तो मी इथं लिहीत नाही.

पांढरपेशांच्या गोष्टीत म्हातारपणी जुनी मैत्रीण भेटते. बागेतलं बाकडं असतं, पोरं परदेशात असतात. ताटातूट कशानं झालेली? तर पत्र हरवलं म्हणून. आमच्याकडं पत्रं हरवत नाहीत. आमच्याकडं पोरीचे भाऊ कुऱ्हाड घेऊन येतात. म्हणून आमची म्हातारपणीची भेट ही गंमत नव्हे, ती थकलेली वसुली आहे.

मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर रात्रपाळी करतो. सूत तुटलं की सांधायचं, हे माझं काम. तुटलेल्या सुताला कुणी वय विचारत नाही.

मुंबईच्या गिरण्यांत आमच्या आज्या-पणज्यांना विणखात्यात घेत नव्हते. जास्त पगाराचं खातं ते. धोट्यात नवी कांडी घातली की सुताचं टोक तोंडानं ओढावं लागे, आणि अस्पृश्याची थुंकी लागली की सूत बाटे! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला. ज्यांना आमचे ओठ सुताला लागलेले चालले नाहीत, त्यांना आपल्या पोरीचं आमच्यावरचं मन कसं चालणार?

आमच्या वस्तीतले तात्या बहात्तर वर्षांचे. तरुणपणी मुंबईला गिरणीत होते. त्याच गिरणीत वाइंडिंगला वरच्या जातीची एक पोरगी. दोघांनी लग्न करायचं ठरवलं. भावांनी तिला रातोरात गावी नेलं आणि महिन्यात उजवली. पुढं १९८२ चा संप झाला, मग गिरण्या मेल्या, त्यांच्या जमिनीवर टॉवर उठले. तात्यांची बायको वारली, तिचा नवरा वारला. आणि एवढ्या वर्षांनी दोघं भेटली कुठं, तर बँकेत, पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायच्या रांगेत. यंत्रावर बोट टेकवायचं आणि सांगायचं, साहेब, मी अजून जिवंत आहे.

आता दोघं म्हणतात, उरलेले दिवस एका घरात काढू. तिच्या पोरांनी जात काढली. काढणारच, तो त्यांचा वारसा आहे. पण तात्यांचा पोरगा? जयंतीची वर्गणी ह्याची पहिली, आणि हा म्हणतो, "बाप चळलाय. समाजात तोंड कुठं दाखवू?"

अरे, ज्याच्या तसबिरीला हार घालतोस त्यानं १९३६ च्या न होऊ दिलेल्या भाषणात जातीवर खरा इलाज सांगितला तो आंतरजातीय लग्नाचा. त्यानं स्वतः १५ एप्रिल १९४८ ला, सत्तावन्न पुरी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, डॉ. शारदा कबीर यांच्याशी लग्न केलं. बाबासाहेब गेल्यावर माईंना आपल्याच माणसांनी काय काय ऐकवलं तेही आठव. तेच तोंड तू आज बापासमोर उघडलंस.

सरकारही हसणाऱ्यांच्याच पंगतीला. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात लग्नाच्या वयाला खालची मर्यादा आहे, वरची नाही. झकास! पण तीस दिवस नोटीस भिंतीवर लागते. म्हणजे कुऱ्हाडीला पत्ता कळवायची सोय. १९९५ ची कामगारांची पेन्शन योजना बघा. तात्यांनी लग्न केलं तरी त्यांची स्वतःची पेन्शन चालूच. ती मात्र नवऱ्यामागची पेन्शन घेते; तिनं लग्न केलं की बंद. २०१४ साली ह्या पेन्शनीची किमान रक्कम ठरली महिना हजार रुपये. हजार रुपड्यांसाठी बाईनं मरेपर्यंत विधवाच राहायचं! पूर्वी न्हाव्याचा वस्तरा होता, आता कागदाचा आहे.

२००७ च्या कायद्यानं पोरांवर आईबापाला पोसायची जबाबदारी टाकली. पण पोसणं म्हणजे भाकर. भाकर कुत्र्यालाही टाकतात. रात्री खोकला आला तर "पाणी देऊ का?" असं विचारणारं माणूस कुठल्या कलमात बसतं?

विचार पटला म्हणून नुसती मान हलवू नका, मित्रांनो. तात्या नोटीस देणार आहेत. त्या तीस दिवसांत दारात उभं राहायला माणसं लागतील. लग्नाला साक्षीदार लागतात तीन. एक मी आहे. उरलेले दोन तुमच्यातनं पाहिजेत.