आजोबांच्या बैठकींतून : धातूचे शिपाई कीं प्लॅस्टिकचे ?

दिवाळींत अंगणांत किल्ला करावा आणि कुंभाराकडचे मातीचे मावळे बुरुजाबुरुजांवर उभे करावे, ही आपल्या मुलांची जुनी हौस आहे. ते मावळे उभे राहतात, लढत नाहींत. विलायतेंतील प्रौढ माणसें मात्र शंभराहून अधिक वर्षें असले लहान शिपाई मेजावर मांडून इतिहासांतील लढाया पुन्हां लढत आलीं आहेत. फूटपट्टीनें चाल मोजावी, फांशांनीं गोळीचा परिणाम ठरवावा आणि बाकीचें सेनापतीच्या बुद्धीवर सोडावें, असा हा खेळ. प्रशियाच्या रायस्विट्झ नामक अधिकाऱ्यानें १८२४ मध्यें सैनिकी शिक्षणासाठीं अशा खेळाचे नियम सिद्ध केले. १९१३ मध्यें एच्. जी. वेल्स यांनीं ‘लिटल वॉर्स’ हें पुस्तक लिहून त्याला दिवाणखान्यांत आणलें. ज्यांच्या पूर्वजांनीं चतुरंग रचिला, त्यांना याचें नवल वाटूं नये.

हा विषय निघण्यास कारण आमचा बारा वर्षांचा नातू. असईची लढाई मांडावयाची असें त्यानें मनांत घेतलें आणि मुंजीच्या भिक्षावळींतून सांठविलेल्या पैशांपैकीं कांहीं खर्चून प्लॅस्टिकच्या इंग्रज शिपायांची एक पेटी परदेशांतून मागविली. मीं भिंग घेऊन पाहिलें, तों ते वॉटर्लूचे शिपाई !

“अरे, ह्या टोप्या पाहिल्यास का ? पुढें उंच पट्टी असलेली ही टोपी इंग्रजी पायदळांत १८१२ च्या सुमारास आली. असईची लढाई २३ सप्टेंबर १८०३ ची.”

“आजोबा, प्लॅस्टिकमध्यें हेच मिळाले. आणि शिंद्यांचे शिपाई तर मिळालेच नाहींत. तुम्ही रागावूं नका, त्यांच्या जागीं मी पुठ्ठ्याचे चौकोन ठेवणार आहें.”

हें ऐकून माझें मन खिन्न झालें. एका बाजूस रंगविलेले साहेब आणि दुसऱ्या बाजूस पुठ्ठा ! ज्या शिंद्यांच्या तोफांनीं आणि कवायती पलटणींनीं त्या दिवशीं वेल्स्लीचीं दीड हजारांहून अधिक माणसें मृत वा जखमी केलीं, त्यांना मेजावर चेहराहि नसावा काय ?

परंतु दोष मुलाचा नव्हे. त्याचें मूळ सांच्यांत आहे. कठीण प्लॅस्टिकचा शिपाई पोलादी सांच्यांत तप्त रस दाबून भरून होतो. तो सांचा फार महाग. म्हणून ज्या सैन्याचे सहस्रावधि शिपाई खपतील, त्याचाच सांचा कोरला जातो. धातूचा शिपाई रबराच्या, गरगर फिरणाऱ्या सांच्यांत ओततात. तो सांचा स्वस्त. म्हणून विरळ मागणीचीं सैन्यें लहान कारखानदार धातूंतच करतात. शिंद्यांच्या पलटणींसारखे शिपाई हवे असतील, तर धातूकडेच वळावें लागतें.

आतां गुणदोष पाहूं. एका धातूच्या शिपायाच्या किंमतींत प्लॅस्टिकचे दोन-तीन येतात, आणि मोठें सैन्य उचलण्यास हलकें राहतें. पण ते सुट्या अवयवांनीं चौकटींत येतात; कापणें, घासणें व चिकटविणें आपल्याकडे. त्यांत एक लाभहि आहे : डोकें वेगळें असल्यामुळें ते बदलतां येतें, आणि टोपीची चूक सुधारतां येते. धातूचा शिपाई बहुधा अखंड, हातास जड व मेजावर स्थिर. मात्र पडला कीं रंग उडतो, आणि संगीन दोनदां वाकवून सरळ केली कीं तिसऱ्यांदा तुटते.

गृहिणींनीं एक गोष्ट मुद्दाम ध्यानांत ठेवावी. १८९३ मध्यें विल्यम ब्रिटन यांनीं पोकळ शिपाई ओतण्याची युक्ति काढली, तेव्हांपासून कित्येक दशकें विलायती मुलांचे शिपाई शिशाचेच असत. आज पुष्कळ कारखानदार कथिलाचा मिश्रधातु वापरतात, तरी कांहींच्या ओतकामांत अद्यापि शिसें असतें. तें पोटांत जाणें बालकांच्या मेंदूस अपायकारक. आमच्या घरांत रांगतें मूल आहे. तेव्हां सूनबाईंनीं नियमच घालून दिला : धातु विकत घेण्यापूर्वीं तो शिसेंरहित असल्याची खात्री करावयाची. घासकाम ओल्या कागदावर, तें संपतांच हात धुवावयाचे, आणि पेटी कपाटाच्या वरच्या फळीवर.

शेवटीं घरांत सर्वांच्या विचारानें ठरलें तें असें. असईस वेल्स्लीच्या पायदळांत गोऱ्या पलटणी दोनच होत्या, त्याहि स्कॉटलंडच्या; बाकीचे मद्रासकडील देशी शिपाई. म्हणून आणलेल्या प्लॅस्टिकचीं डोकीं बदलून त्यांतून जेवढें साधेल तेवढें साधावें; नवी पेटी घेऊं नये. उरलेले पैसे शिंद्यांच्या धातूच्या पलटणीसाठीं राखावे. ते शिपाई थोडे येतील, वर्षाला एक पलटण होईल. होऊं द्या. दोन कारखान्यांचे शिपाई उंचीनें सारखे नसतात, म्हणून एका पलटणींत एकाच घराचे ठेवावे, एवढें पथ्य पाळलें म्हणजे झालें.

नातवानें थोडा वेळ हिशेब केला आणि विचारलें, “म्हणजे लढाई दोन वर्षें थांबणार ?”

“थांबूं दे,” मीं म्हटलें. “तोंवर आधीं शिंद्यांचा गोलंदाज कोणते कपडे घालीत होता तें शोध.”

वाचकहो, प्लॅस्टिक बरें कीं धातु बरा, हा प्रश्न पैशाचा व सोयीचा आहे, आणि तो ज्याचा त्यानें सोडवावा. मात्र बाजारांत ज्याची पेटी मिळते तेवढाच इतिहास, अशी मुलांची समजूत होऊं देऊं नये. त्या दिवसापासून आमच्या मेजावर पुठ्ठ्याचा एकहि चौकोन नाहीं. तेथें सध्यां मोकळी जागा आहे, आणि ती कोणाची आहे हें घरांतील सर्वांस ठाऊक आहे.