तापीचा गाळ आणि तापीची माणसे

शाळेच्या भूगोलात आपण सारेच शिकलो की नदी समुद्राला मिळते तेथे तिचा गाळ साचून त्रिभुज प्रदेश तयार होतो. गोदावरी आणि कृष्णा यांनी आंध्रच्या किनाऱ्यावर अशी सुपीक मैदाने घडविली. आपल्या तापीमाईची तऱ्हा निराळी. ती पश्चिमेला वाहते. बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईला उगम पावून ७२४ किलोमीटरचा प्रवास करते आणि सुरतेच्या पुढे खाडीतून समुद्राला मिळते. पण समुद्र गाठण्याच्या कितीतरी आधी, वाटेतच, तिने गाळाचे एक मोठे मैदान घातले आहे. ते म्हणजे आपला खानदेश.

उत्तरेला सातपुडा उभा आहे. त्याच्या पायथ्याशी फार प्राचीन काळी जमीन खचली आणि लांबच लांब खोलगट भाग तयार झाला. तापी आणि तिच्या उपनद्यांनी तो युगानुयुगे गाळाने भरून काढला. दक्षिणेकडून पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा आल्या. सातपुड्यातून सुकी, मोर, गुळ, अनेर, गोमाई उतरल्या. रावेर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा या पट्ट्यात विहीर खणली तर काही ठिकाणी शेकडो फूट नुसता गाळच लागतो. अगदी डोंगराच्या पायथ्याशी मात्र गोटे आणि वाळू. सातपुड्यातून धावत आलेले नाल्याचे पाणी या गोट्यांत मुरते आणि खालच्या गाळात साठते. आपल्या केळीच्या बागा या साठ्यावर उभ्या राहिल्या.

जेथे माती आणि पाणी, तेथे माणूस येणारच. तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशे येथे १९५५ साली उत्खनन झाले, तेव्हा तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या वस्तीच्या खुणा सापडल्या. पुढे फारुकी सुलतानांनी तापीकाठच्या थाळनेरला राजधानी केली, मग बुऱ्हाणपूर वसविले. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि त्यांचे राज्य संपले. सुरतेच्या बंदरातून बुऱ्हाणपूरला जाणारा माल याच खोऱ्यातून जाई. गुजरातेतून लेवा आणि गुजर शेतकरी येऊन स्थिरावले, असे त्यांच्या परंपरेत सांगतात. सातपुड्यात भिल्ल आणि पावरा आहेत. यावल-रावेरकडे तडवी आहेत.

ही सरमिसळ आपल्या जिभेवर आहे. अहिराणीत ‘आहे’ला ‘शे’ म्हणतात, गुजरातीत ‘छे’. ‘रामाचा’ हा शब्द अहिराणीत ‘रामना’ होतो, गुजरातीत ‘रामनो’. लेवा बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो. केळीच्या बागेचा मालक तिला ‘केयी’ म्हणतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रोट होतात, आणि दुसऱ्या दिवशी ती वाजतगाजत नदीला जाते. होळीआधी सातपुड्यात भोंगऱ्या बाजार भरतो, तेव्हा पावरांचे ढोल घुमतात. माणसे निरनिराळी, देव निरनिराळे, पाणी मात्र एकच.

आता या एका पाण्याचे आपण काय केले, ते पाहू. दोन जुनी कामे डोळ्यांसमोर ठेवण्यासारखी आहेत.

पहिले बुऱ्हाणपूरचे. तेथे मोगल सुभेदार अब्दुर्रहीम खानखाना याच्या काळात, १६१५ च्या सुमारास, कुंडी भंडारा बांधला गेला. सातपुड्याच्या उतारावर मुरलेले पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून शहरात आणले. वर ओळीने विहिरीसारखी कुंड्यांची तोंडे आहेत. मोट नाही, पंप नाही. नुसत्या उतारावर पाणी वाहत येते. म्हणजे जेवढे झिरपले, तेवढेच हाती लागते. मुरण्यापेक्षा जास्त ओढून घेण्याची सोयच त्यात नाही.

दुसरे धुळे-साक्रीकडचे, पांझराकाठचे फड. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड पाडलेले. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे आणि पुढच्या साली ते फिरवायचे. पाणी द्यायचे काम पाटकऱ्याचे. मालकाने स्वतः बारे फोडायचे नाही. ज्या साली नदीला पाणी कमी, त्या साली एखादा फड सर्वांनी मिळून पडीक ठेवायचा. नुकसान वाटून घेतले की भांडण उरत नाही. गावात सगळेच शहाणे होते असे नाही. पण नियम सर्वांना एकच होता.

आज आपले पाणी जमिनीखाली आहे आणि प्रत्येकाची कूपनलिका वेगळी. शेजाऱ्याने दोनशे फूट मारली की आपण तीनशे मारतो. खाली साठा एकच आहे, एकाच घागरीत अनेकांनी बुडविलेल्या पेल्यांसारखा. यावल-रावेरकडच्या कितीतरी जुन्या विहिरी आज कोरड्या पडल्या आहेत. सातपुड्याच्या पायथ्याशी तापीचे पुराचे पाणी मुरविण्याची मोठी योजना आहे. मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात तिच्यासाठी करार झाला. ती पूर्ण व्हावीच. पण तिच्या भरवशावर हातावर हात ठेवून बसणे बरे नव्हे.

गावाने मिळून दोन गोष्टी तरी करता येतात. पायथ्याच्या गावांनी नाल्याचे पावसाळी पाणी अडवून गाळून कोरड्या विहिरीत सोडावे. गढूळ पाणी तसेच सोडू नये, नाहीतर विहिरीची छिद्रे गाळाने बुजतात. आधी खड्डा करून त्यात गोटे आणि वाळू घालावी. आणि केळीला ठिबक लावल्यावर वाचलेल्या पाण्यावर आणखी एक एकर वाढविण्याचा मोह आवरावा. तो आवरला नाही, तर ठिबकाने खर्च वाढतो, साठा वाढत नाही. त्यासाठी यंदा किती क्षेत्र केळीखाली घ्यायचे, हे ग्रामसभेत बसून ठरवावे लागेल. अवघड आहे, हे खरे. एखाद्याची केळी कमी होईल, कुणी रुसेलही. फडावरच्या लोकांनाही एक फड पडीक टाकताना सोपे गेले नसेल.

तापीने गाळ टाकताना शेताचा बांध पाहिला नाही. लेवा, गुजर, अहिराणी, तडवी, पावरा, साऱ्यांच्या विहिरींना तिने एकच झरा दिला. येत्या कानबाईला रोट घेऊन नदीवर जाल, तेव्हा काठावर जमलेल्या मंडळींत हा विषय काढून पाहा. सारे गाव एका ठिकाणी असते, असा दिवस वर्षात फार वेळा येत नाही.