जुना सर्व्हर, नवा 'कर्नल' : निवड चुकली तर...

- प्रतिनिधी

कचेरीच्या कोपऱ्यात पडून असलेल्या सर्व्हरवर लिनक्स बसवावे आणि त्याला पुन्हा कामाला जुंपावे, हा काटकसरीचा मार्ग अनेक छोट्या संस्थांनी वर्षानुवर्षे अवलंबिला. जुन्या यंत्रावर हमखास चालणारी प्रणाली ही लिनक्सची ख्याती. मात्र ती आता सरसकट खरी राहिलेली नाही.

प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांच्याशी थेट व्यवहार करणारा प्रणालीचा गाभा म्हणजे 'कर्नल'. हा गाभा जुन्या यंत्रांना टप्प्याटप्प्याने निरोप देत आहे. २०१३ मध्ये आवृत्ती ३.८ ने इंटेल ३८६ ला वगळले, तर जानेवारी २०२४ मध्ये ६.७ ने इटॅनियमला. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या 'डेबियन १३'मध्ये ३२ बिट पीसीसाठी कर्नलही नाही आणि इन्स्टॉलरही नाही.

प्रोसेसर ६४ बिट असला म्हणजे चिंता मिटली, असेही नाही. २०२५ च्या 'रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स १०'ला 'एव्हीएक्स-२' सूचनासंच लागतो. २०१३ मधील झिऑन ई५-२६०० व्ही-२ मालिकेत तो नाही. अशा यंत्रांसाठी 'अल्मालिनक्स १०'ने वेगळी आवृत्ती ठेवली आहे. डेबियनची तर ही अटच नाही.

मेमरीचे गणितही ध्यानात घ्यावे लागते. 'पीएई' सुविधेविना ३२ बिट कर्नल ४ जीबीपलीकडे पाहू शकत नाही. 'पीएई'मुळे ही मर्यादा ६४ जीबीपर्यंत जाते. तथापि, प्रोसेसर ६४ बिट असेल तर ६४ बिट कर्नलच निवडणे शहाणपणाचे.

खरी फसगत होते ती रेड कार्डापाशी. 'रेड हॅट ८'पासून अनेक जुन्या कार्डांचे ड्रायव्हर वगळण्यात आले. परिणामी इन्स्टॉलर सुरू होतो, पण त्याला डिस्कच सापडत नाही. म्हणून आधी 'एलएससीपीयू' आणि 'एलएसपीसीआय' या आज्ञांनी यंत्राची ओळख करून घ्यावी, मगच आवृत्ती ठरवावी.

जुनाच कर्नल बसवावा, हा मोह स्वाभाविक आहे. पण ज्याच्या सुरक्षा दुरुस्त्या थांबल्या, तो कर्नल इंटरनेटला जोडणे म्हणजे दार सताड उघडे ठेवून झोपण्यासारखे. यंत्राला साजेसा आणि दुरुस्त्या मिळत असलेला कर्नल उपलब्ध नसेल, तर त्या सर्व्हरला निवृत्त करणेच अंती स्वस्त पडेल.