घोडेस्वारीचा पहिला धडा

मराठी भाषेत जितके घोडे आहेत तितके आज मराठी मुलखात उरले असतील की नाही, याची शंका वाटते. काम अडले की आपण ‘घोडे पेंड खाते’ म्हणतो, ते पार पडले की ‘घोडे गंगेत न्हाले’ म्हणतो. शहाणपण उशिरा सुचले तर ते ‘वरातीमागून घोडे’ ठरते आणि स्वतःचेच म्हणणे रेटणाऱ्यास आपण ‘आपले घोडे पुढे दामटू नकोस’ म्हणून बजावतो. लेखात निरर्थक मजकूर कोंबला तर ती ‘खोगीरभरती’. परंतु खोगीर घोड्याच्या पाठीवर नेमके कोठे बसवतात आणि त्याचा तंग किती आवळतात, हे सांगू शकणारा विद्यार्थी आमच्या मोहगावच्या पंचक्रोशीत शोधूनच काढावा लागेल.

पूर्वी असे नव्हते. सौसर आणि पांढुर्ण्याचा हा भाग आधी देवगडच्या गोंड राजांकडे होता. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८५४ साली ते राज्य इंग्रजांनी खालसा करीपर्यंत त्यांच्याकडेच राहिला. भोसल्यांचे बळ घोडदळात होते. १७४२ साली रघूजी भोसल्यांचे कारभारी भास्करराम कोल्हटकर यांच्या नेतृत्वाखाली हे घोडदळ थेट बंगालपर्यंत जाऊन पोहोचले. तेथील लोकांनी त्या स्वारांना ‘बर्गी’ म्हटले आणि त्यांच्या लुटालुटीची आठवण आपल्या अंगाईगीतांत जपून ठेवली. ही आठवण आपण मिरवावी अशी नाही. पण तो ‘बर्गी’ शब्द मूळचा आपला ‘बारगीर’ आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीस येई तो शिलेदार. ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळे तो बारगीर. शिवछत्रपतींच्या सैन्यात पागेच्या घोड्यांवरील बारगिरांना विशेष महत्त्व होते. सभासदाच्या बखरीप्रमाणे पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे, आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद नेमलेला असे. पखालजीने पाणी पुरवावयाचे, नालबंदाने खूर सांभाळावयाचे. पाणी आणि खूर यांची तजवीज आधी, तलवार नंतर, हा त्या व्यवस्थेचा क्रम मला फार बोलका वाटतो. आज जो कोणी घोडेस्वारी शिकू जातो तोही एका अर्थी बारगीरच असतो. घोडा त्याचा नसतो, पाऊण तासापुरता त्याच्या हवाली केलेला असतो.

‘हा तर श्रीमंतांचा शौक,’ असा आक्षेप मी हा विषय काढताच शिक्षकांच्या खोलीतही ऐकला. या समजुतीचे मूळ बरेचसे इंग्रजी अमदानीत आहे. त्या काळी आय. सी. एस. च्या उमेदवाराला पुस्तकी परीक्षेबरोबर घोडेस्वारीचीही परीक्षा द्यावी लागे. अरविंद घोष १८९० साली लेखी परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण झाले, पण घोडेस्वारीच्या परीक्षेला ते उभेच राहिले नाहीत. म्हणून १८९२ साली त्यांची ती नोकरी गेली आणि पुढे ते बडोद्यास आले. घोडा हे हुकमतीचे आसन, अशी खूणगाठ त्या काळाने आपल्या मनात बांधून दिली. आता उरला आहे तो लग्नाच्या वरातीतील घोडा आणि माथेरान-महाबळेश्वरचा घोडा. दोन्ही ठिकाणी लगाम दुसऱ्याच्याच हातात असतो. वर बसलेला मनुष्य छायाचित्रापुरता स्वार असतो. त्यास घोडेस्वारी म्हणावयाचे असेल तर पाळण्यात बसण्यालाही म्हणावे लागेल!

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत नागपूरला नातलगांकडे राहून मी वीस दिवस ही विद्या शिकलो. शिकविणारे गृहस्थ सैन्यातील निवृत्त दफेदार होते. पहिल्या दिवशी आम्हां सहा जणांपैकी कोणालाही त्यांनी घोड्यावर बसू दिले नाही. हाती दिला तो खरारा. घोड्याच्या डाव्या खांद्याच्या दिशेने, काहीतरी बोलत बोलत जवळ जावयाचे. कारण त्याला दोन्ही बाजूंचे दूरवर दिसत असले तरी अगदी पाठीमागचे आणि कपाळापुढचे लगतचे दिसत नाही. अचानक पाठीवर हात पडला तर तो दचकतो, आणि दचकलेला घोडा लाथ झाडतो ती दुष्टपणाने नव्हे, भयाने. मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत खरारा करावयाचा, एकेक पाय उचलून खुरातील खडे व माती काढावयाची, मग खोगीर. तंग एकदा आवळून भागत नाही. कित्येक घोडे त्या वेळी छाती फुगवून धरतात, म्हणून दोन पावले चालवून तो पुन्हा आवळावा लागतो. चढावयाचे ते डावीकडून. कमरेच्या डाव्या बाजूस तलवार लटकत असे, त्या काळापासून ही रीत चालत आली आहे. तलवारी गेल्या, रीत राहिली.

दुसऱ्या दिवशी पाठीवर बसविले, पण लगाम दिला नाही. दफेदार मध्यभागी लांब दोरी धरून उभे, घोडा त्यांच्याभोवती वर्तुळात फिरतो आहे, आणि स्वाराचे हात मोकळे! आमच्यातील एका तरुणाने लगामाची मागणी केली तेव्हा ते म्हणाले, “अरे बाबा, लगाम म्हणजे एस. टी. तला दांडा नव्हे. तू तोल गेला की त्याला लटकशील, आणि दुखेल कुणाचं? त्याच्या तोंडात लोखंड आहे, तुझ्या नाही.” पूर्ण सहा दिवस आम्ही बिनलगामाचे बसलो. मांड बसणे म्हणजे काय, हे त्या सहा दिवसांत कळले. मांड्यांनी घोड्याला चिमटून धरणे म्हणजे मांड नव्हे. कंबर सैल, टाच खाली, पाठ ताठ ठेवून त्याच्या चालीबरोबर हलत राहणे म्हणजे मांड. साध्या चालीत चार ठोके पडतात, दुडकीत दोन. दुडकीच्या त्या दोन ठोक्यांत एकाला उठावयाचे, एकाला बसावयाचे. ताल चुकला की कमरेला हिसका आणि घोड्याच्या पाठीला दणका! पाठ संपल्यावर तंग सैल करून घोड्याला त्याचा श्वास शांत होईपर्यंत फिरवावयाचे, आणि आपण पाणी पिण्याआधी त्याची व्यवस्था पाहावयाची. झेनोफन नावाच्या ग्रीक सेनानीने सुमारे दोन हजार तीनशे वर्षांपूर्वी अश्वविद्येवर ग्रंथ लिहिला. रागाच्या भरात घोड्याशी कधीही वागू नये, असा उपदेश त्यात आहे. आमचे दफेदार रागावत असत, पण ते आमच्यावर.

हे सर्व इतक्या विस्ताराने लिहिण्याचे कारण असे की, या पहिल्या धड्यातील बहुतेक भाग आमच्या विद्यार्थ्यांना आधीच अवगत आहे. पोळ्याच्या आदल्या सायंकाळी बैलाचे खांदे तूप-हळदीने शेकणारा मुलगा जनावराचा खांदा कोठे दुखतो हे बोटांनी ओळखतो. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी ओढणाऱ्या बालकाचेही हे शिक्षण सुरू झालेले असते. शहरातील मुलाला ज्या भीतीवर मात करण्यास आठवडा लागतो, ती येथील मुलांच्या मनात मुळातच नसते. असे असता घोडेस्वारी शहरी धनिकांची आणि आपण तिचे प्रेक्षक, ही वाटणी मला मान्य नाही.

मुलींच्या बाबतीत तर आपले वर्तन अधिकच चमत्कारिक आहे. स्नेहसंमेलनात मुलीला झाशीची राणी करून पुठ्ठ्याच्या घोड्यावर बसवितो, टाळ्या वाजवितो. तिने खऱ्या घोड्यावर बसण्याची इच्छा दर्शविली तर मात्र ‘हातपाय मोडतील’ म्हणून गप्प करतो. वस्तुतः ऑलिंपिकमध्ये स्त्रिया आणि पुरुष एकाच स्पर्धेत समोरासमोर उतरतात असे खेळ फारच थोडे. घोडेस्वारी त्यांतील प्रमुख. १९५२ साली हेलसिंकी येथे अश्वचालनाची स्पर्धा स्त्रियांना प्रथमच खुली झाली, आणि त्याच वर्षी डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी तीत रौप्यपदक मिळविले. पोलिओमुळे त्यांचे गुडघ्यांखालचे पाय निकामी झाले होते. त्यांना घोड्यावर चढविण्या-उतरविण्यास दुसऱ्याची मदत लागे. २०२३ साली हांगझाऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत याच प्रकारात भारताने सांघिक सुवर्णपदक जिंकले. घोडेस्वारीतील सुवर्ण आपल्याला तब्बल ४१ वर्षांनी मिळाले. त्या चौघांच्या संघात दोन मुली होत्या, आणि त्यांतील सुदीप्ती हाजेला ही आपल्या मध्यप्रदेशातील इंदूरची.

खर्चाचा प्रश्न खराच आहे. शाळेने घोडा विकत घ्यावा असे मी मुळीच सुचवीत नाही. शाळेला सुट्ट्या असतात, घोड्याच्या पोटाला नसतात. दाणा-वैरण, नालबंद आणि पशुवैद्य यांची तरतूद नसताना हौसेने बांधलेले जनावर महिन्याभरात केविलवाणे होईल. त्यापेक्षा बारगिराची वाट बरी. राष्ट्रीय छात्रसेनेत अश्व व पशुवैद्यक पथके आहेत, आणि नागपूर आम्हांला दूर नाही; भोपाळला राज्य शासनाची घोडेस्वारी अकादमी आहे. शाळेची सहल दरवर्षी कोठे ना कोठे जातेच. एका वर्षी धबधबा न पाहता एखादी पागा पाहिली, सकाळी दोन तास खरारा केला आणि दोरीवर पाच-पाच फेऱ्या मारल्या, तर सहलीच्या खर्चात फारशी भर पडणार नाही. कोणाला ही विद्या पुढे शिकावीशी वाटते ते तेथेच कळेल. सर्वांनाच वाटेल असे नाही, आणि वाटावी असा आग्रहही नाही.

पालकांची भीती अनाठायी नाही. उंचावरून पडण्याचा धोका आहे. म्हणूनच डोक्यावर शिरस्त्राण असल्याशिवाय कोणालाही वर बसू देऊ नये. अंगात सैल उपरणे-ओढणी नको. पायात थोडी टाच असलेला बंद बूट हवा, कारण चप्पल घातलेले पाऊल रिकिबीतून आरपार जाते, आणि पडलेला स्वार तेथेच अडकून फरफटतो. ज्यांच्याकडे तसा बूट नसेल त्यांनी सहलीआधी आठ दिवस वर्गशिक्षकांना सांगावे. माझा स्वतःचा जोड आठ नंबरचा आहे, तो ज्याच्या पायाला येईल त्याला मिळेल.