कुलूप कुणासाठी?

जुन्या लॅपटॉपला बायोस पासवर्ड घातला मीच, आणि विसरलोही मीच! तीनदा चुकल्यावर त्याने दारच बंद केलं.

डेस्कटॉपचं बरं असायचं. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल काढायचा, थोडं थांबायचं, परत बसवायचा... बहुतेक वेळा पासवर्ड गायब. बऱ्याच लॅपटॉपमध्ये मात्र तो अशा चिपमध्ये असतो, की वीज नसली तरी पुसला जात नाही.

सर्व्हिस सेंटरवाल्याने खरेदीचं बिल मागितलं. आधी राग आला. माझाच लॅपटॉप, आणि पुरावाही मीच द्यायचा? मग वाटलं, चोरही हेच म्हणाला असता की! माझ्या शब्दावर उघडणारं कुलूप त्याच्याही शब्दावर उघडलं असतं.

गंमत पुढेच आहे. बिल शोधेपर्यंत मी हार्ड डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली. मुलीचे लहानपणीचे सगळे फोटो समोर! डिस्क एन्क्रिप्ट केलेली नव्हती ना. म्हणजे इतकी वर्षं कुलूप होतं ते डब्याला, ऐवज उघडाच.

असो. बिल सापडलं. आता डिस्क एन्क्रिप्ट केलीय, आणि पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवलाय. हसा खुशाल!