कढई, कोडं आणि लढाई

मैत्रिणींनो, सुटीत मुलं घरात असली की आपला दिवस कसा जातो ते तुम्हांला वेगळं सांगायला नको. दिवाळीत माझा भाचा पुण्याहून केजला आला, तो लॅपटॉप घेऊनच. मग काय विचारता! माझा आठवीतला मुलगा दिवसभर त्याच्याशेजारी पडद्यापुढे. जेवायला चार हाका माराव्यात तेव्हा हा येणार, आणि जेवून उठला की ताट तिथंच. तिसऱ्या दिवशी मी पदर खोचून भांडायच्या तयारीनंच गेले, तर पडद्यावर काय दिसावं? एक मुलगी शेगडीपुढे उभी राहून घाईघाईनं स्वैपाक करतेय!

"मावशी, बस ना, तुला दाखवतो," भाचा म्हणाला. राग बाजूला राहिला आणि मी तिथंच टेकले.

या खेळाचं नाव 'बॅटल शेफ ब्रिगेड'. अमेरिकेतल्या शिकागो शहरातल्या 'ट्रिंकेट स्टुडिओज' नावाच्या अगदी मोजक्या माणसांच्या मंडळींनी तो तयार केला आणि २०१७ साली तो बाजारात आला. त्यातल्या नायिकेचं नाव मीना. नाव ऐकून मला ती आपल्यातलीच वाटली! तिच्या घरची खाणावळ आहे. पण नावाजलेल्या लढवय्या आचाऱ्यांच्या पथकात जायचं म्हणून ती घराबाहेर पडते. स्पर्धेत एक मुख्य जिन्नस ठरवून देतात. मग मीनानं रानात धावायचं, चित्रविचित्र प्राण्यांशी लढून सामान आणायचं. ही झाली लढाई. आणलेला जिन्नस भांड्यात टाकला की त्याचे रंगीत खडे दिसतात. तांबडे अग्नीचे, निळे पाण्याचे, हिरवे मातीचे. भांडं ढवळत ढवळत सारखे तीन खडे जुळवले की त्यांचा एक मोठा खडा होतो. हे झालं कोडं. परीक्षकाची आवड सांभाळायची, मुख्य जिन्नस विसरायचा नाही, आणि घड्याळ संपायच्या आत ताट पुढं ठेवायचं.

"आई, लई अवघड आहे गं. सगळं एकदम लक्षात ठेवावं लागतं," मुलगा म्हणाला.

मला हसूच फुटलं. अरे राजा, हे तर मी रोज सकाळी करते! सासूबाईंना तिखट सोसत नाही, ह्यांना फिकं चालत नाही, धाकटीला वांगं नको, आणि साडेदहाला मला शाळेत तासावर हजर राहायचं असतं. २०१६ च्या उन्हाळ्यात आपलं मांजरा धरण कोरडं पडलं होतं, तेव्हा भाजी धुतलेलं पाणी भांड्यांना आणि भांड्यांचं पाणी झाडांना, असा हिशोब मांडून आपण घरं चालवली. ते कोडं काय लहान होतं? पण त्याचे गुण कुणी दिले नाहीत, आणि आपणही मागितले नाहीत.

एवढ्यात पोळ्या लाटत असलेली माझी सहावीतली लेक आतून म्हणाली, "आई, दादा खेळात स्वैपाक करतो, मग घरात का नाही करत?"

बायांनो, मला उत्तरच सुचेना. पोरीच्या हाती लाटणं मीच दिलं होतं. पोराचं ताट मीच उचलत आले होते. वर्गात मी समानतेचा धडा शिकवते आणि घरात हा असा कारभार! आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला जातात. मागं आजीपाशी राहिलेला माझ्या वर्गातला एक मुलगा मला एकदा अभिमानानं म्हणाला होता, "बाई, भाकरी मला येते." त्या वेळी मला त्याची कीव आली होती. आता वाटतं, कीव माझ्याच मुलाची करायला हवी होती.

भाच्यानं आणखी एक खेळ दाखवला. 'राजी' त्याचं नाव. हा आपल्या पुण्यातल्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या मंडळींनी केलेला, २०२० सालचा. ही संस्था काढणाऱ्यांत श्रुती घोष ही बाई आहे आणि चित्रांची बाजू तिच्याकडे आहे. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला सोडवायला राजी निघते, दुर्गादेवीचा त्रिशूळ घेऊन लढते, वाटेत चित्रं फिरवून कोडी सोडवते. माझी लेक पापणी न हलवता बघत होती. भावासाठी राक्षसांशी लढणारी बहीण मुलांना आवडते. तर मग बहिणीसाठी कणीक मळणारा भाऊ का नको?

तिसरा खेळ कॅनडातल्या टोरंटोचा, 'वेण्बा', २०२३ सालचा. परदेशी गेलेली एक तमिळ आई आपल्या आईच्या फाटक्या, पुसट झालेल्या वहीतून इडलीपासून एकेक पदार्थ जुळवते. ते पाहून मी त्याच रात्री सासूबाईंच्या काळ्या मसाल्याचं प्रमाण वहीत लिहून घेतलं.

मग आम्ही घरातच खेळ सुरू केला. तुम्हांलाही जमेल, म्हणून नियम देते:

१. आठवड्यातून एक दिवस ठरवावा. आमचा रविवार. मुख्य जिन्नस आदल्या रात्री सांगावा.

२. सामान घरातलंच. नवीन काही विकत आणायचं नाही.

३. वेळ पाऊण तास. विळी, गॅस आणि कढत तेल यांपाशी मोठं माणूस हवंच.

४. परीक्षक घरातलं सर्वांत वडील माणूस. दहांपैकी चार गुण चवीला, तीन वेळेला आणि तीन ओटा, भांडी आवरण्याला. हे शेवटचे तीन सोडायचे नाहीत!

५. त्या दिवशी मुलीनं बसून खायचं. आपणही. मध्येच उठून हातातला झारा घ्यायचा नाही. हा नियम पाळणं सर्वांत जड जातं, आधीच सांगून ठेवते.

पहिल्या रविवारी जिन्नस होता बेसन. मुलानं पिठलं केलं. उकळत्या पाण्यात कोरडं पीठ टाकलं, झाल्या गाठी. (पीठ आधी गार पाण्यात सैल कालवून घ्यावं आणि फोडणीच्या पाण्यात धार धरून ओतत हलवत राहावं, म्हणजे गाठी होत नाहीत.) "पोरानं कशाला चुलीपाशी जायचं?" म्हणून आधी कुरकुरलेल्या सासूबाईंनी घास खाल्ला आणि म्हणाल्या, "गाठी झाल्यात, पण मीठ बरोबर पडलंय." गुण पाच. त्यानं पुढच्या रविवारी पुन्हा पिठलंच करायची परवानगी मागितली आणि सात मिळवले.

ताट आता रोज उचलतो का? रोज नाही. पण हाक मारावी लागत नाही. बहीण नुसती त्याच्याकडे बघते.

तेव्हा मैत्रिणींनो, मुलांच्या खेळावर ओरडण्याआधी एकदा शेजारी बसून तो काय आहे ते बघा. आणि तुमच्या घरच्या परीक्षकांनी किती गुण दिले ते मला जरूर कळवा.